नाती जपा म्हणताय, पण वेळ आणि जागा कोणाच्या वाट्याला आलीये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत गेले काही महिने एकटेपणावर, तुटत चाललेल्या नात्यांवर, माणसं एकमेकांपासून लांब चाललीत यावर सतत लेख येतायत आणि मी ते सगळे वाचलेत, लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही, सगळे कळकळीनेच लिहितात. पण प्रत्येक लेख शेवटी जाऊन थांबतो तो एकाच ठिकाणी. मोबाईल बाजूला ठेवा, जुन्या मैत्रिणीला फोन करा, एखादा छंद लावून घ्या, मन मोकळं करायला शिका. मी बरीच वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र. या सगळ्या सल्ल्यांत असं धरून चाललेलं असतं की नाती जपणं हा नुसता इच्छेचा प्रश्न आहे, मनावर घेतलं की जमलं. तसं नाहीये हो. नात्याला वेळ लागतो, भेटायला जागा लागते, थोडाफार पैसा लागतो, आणि समोरच्याने आपल्याला आधी माणूस म्हणून बघावं लागतं. यातलं काहीच समाजात सगळ्यांना सारखं मिळालेलं नाही. आपण विषमता म्हटलं की पगार, घर, बँक बॅलन्स एवढंच मोजतो, पण सोबतसुद्धा विषमच वाटली गेलीये आणि ते तुमच्या पुरवणीत कुठेच येत नाही.

सी. राइट मिल्स म्हणून एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५९ साली एक साधं उदाहरण दिलं होतं, मी दर वर्षी वर्गात पहिल्याच आठवड्यात ते सांगायचे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव बघा, त्याला काय येतं ते बघा, तो त्याचा खासगी प्रश्न झाला. पण पाच कोटी काम करणाऱ्यांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासत बसून हाती काय लागणार, तिथे काम मिळण्याची व्यवस्थाच कोसळलेली असते. आता हेच एकटेपणाला लावून बघा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये अहवाल काढला, त्यात जगात दर ६ माणसांमागे १ माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे असं म्हटलंय आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी जोडलाय. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी फोन करायचा कंटाळा आला असं म्हणायचं का?

त्याच अहवालातली अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्यावर फार कोणी बोललं नाही. कमी उत्पन्नाच्या देशांत साधारण २४ टक्के लोकांनी आपल्याला एकटं वाटतं असं सांगितलं, श्रीमंत देशांत हेच प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडे पक्का समज आहे की एकटेपणा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, गरिबांना कसलं एकटं वाटतंय, ते तर दहा जणांत दाटीवाटीने राहतात. दाटीवाटी आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका खोलीत चौघं झोपत असतील आणि चौघांच्या कामाच्या वेळा चार दिशेला असतील तर ती चौघं एकमेकांना जागेपणी भेटतात कधी?

वेळेबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच घोडं पेंड खातं. माझा एक विद्यार्थी होता, हुशार आणि बोलका, वर्गात सगळ्यांशी पटायचं त्याचं. शिकता शिकता त्याने एका दुकानात नोकरी धरली, तिथलं शिफ्टचं वेळापत्रक आदल्या रात्री मेसेजवर यायचं, उद्या सकाळी ये, किंवा उद्या येऊच नको, किंवा आलास तरी गिऱ्हाईक कमी आहे तर दुपारीच घरी जा, आणि तेवढे तास पगारातून गेले. सुरुवातीला मित्र त्याला विचारायचे, येतोस का, आणि तो सांगायचा रात्री कळवतो, रात्री मेसेज आला की उत्तर नाही असंच असायचं, मग काही दिवसांनी मित्र विचारायचेच बंद झाले, कोणी भांडलं नाही, कोणी वाईट वागलं नाही, फक्त 'तो येणार नाहीच' हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. एकदा मला म्हणाला, मॅडम, मला आता कोणाला वेळ द्यायचीच भीती वाटते, कारण ती पाळता येईल की नाही हे माझ्या हातात नसतं. या मुलाला तुम्ही छंद लावून घ्यायला सांगणार का?

आणि हे एकट्या त्याचं नाहीये. डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट या अमेरिकन संशोधकांनी मोठमोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत काम करणाऱ्या हजारो लोकांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये आला. त्यात असं दिसलं की झोप न लागणं, अस्वस्थ असणं, आयुष्यात आनंद न वाटणं या सगळ्याचा संबंध कमी पगाराशी आहेच, पण त्याहून कितीतरी घट्ट संबंध आहे तो कामाच्या वेळा अनिश्चित असण्याशी. मला हे वाचून धक्का बसला नाही पण बरं वाटलं, कारण जे डोळ्यासमोर दिसत होतं ते कोणीतरी मोजून मांडलं. ज्याला ठरलेल्या वेळेला सुटी मिळते तो नाती जपतो, आणि मग आपण त्याच्या स्वभावाचं कौतुक करतो. ज्याला मिळत नाही त्याला माणूसघाणा म्हणतो.

घराच्या आत आलं तरी वेळेचं हे वाटप आहेच. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला त्यातलं एक घर माझ्या कायम लक्षात राहिलंय. नवरा बायको दोघं नोकरी करणारे, घरकामावरून सतत वाद, शेवटी तोडगा निघाला की वरचा मजला तिचा आणि खालचा त्याचा. ऐकायला किती सरळ वाटतं. पण वरचा मजला म्हणजे स्वयंपाकघर, बसायची खोली, जेवायची खोली, झोपायच्या खोल्या, बाथरूम, म्हणजे थोडक्यात घर, आणि खालचा मजला म्हणजे गॅरेज, अडगळ आणि कुत्रा. आणि दोघंही आम्ही निम्मं निम्मं वाटून घेतलंय असं सांगायचे, कारण तसं मानलं नसतं तर संसार टिकला नसता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की जगात बिनपगारी सेवेचे आणि घरकामाचे जेवढे तास खर्च होतात त्यातले ७६.२ टक्के बायका करतात. यात फक्त भांडी आणि कपडेच नाहीत, कोणाचा वाढदिवस आहे, कोण आजारी आहे, कोणाशी बोलून बरेच दिवस झाले, हे लक्षात ठेवायचं कामही बहुतेक घरांत तिच्याच डोक्यात असतं आणि ते काम म्हणून कोणी मोजत नाही. मग ती गेली किंवा वेगळी झाली की त्या पुरुषाला अचानक कळतं की आपले म्हणून जे नातेवाईक आणि मित्र होते त्यांची दोरी तिच्या हातात होती. तुमच्या पुरवणीत पुरुषांच्या एकटेपणावर जो लेख आला होता त्यात हे एका ओळीतही नव्हतं, पुरुष मन मोकळं करत नाहीत एवढंच होतं. ते खरंच आहे, पण अर्धंच.

आता जागेबद्दल. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली, पारा ४१ अंशांपर्यंत गेला, आणि त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ लोक जास्त मेले. बरेच जण बंद खोलीत, एकटे, कोणाला कळलंही नाही असे. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर तिथे जाऊन बघितलं की कोण मेलं आणि कुठे. त्याला एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्या सापडल्या, दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाण साधारण सारखंच, ऊनही तेच. पण एका वस्तीत मृत्यूंचं प्रमाण दुसरीच्या दहापट. फरक काय होता तर एका वस्तीतले कारखाने बंद पडले होते, दुकानं गेली, निम्मी माणसं सोडून गेली, मोकळे प्लॉट, पडकी घरं, फूटपाथवर कोणी नाही आणि गुन्हेगारीची भीती, त्यामुळे म्हातारी माणसं दारं खिडक्या लावून आत बसलेली. शेजारच्या वस्तीत रस्ता गजबजलेला होता, दुकानं उघडी, माणसांची ये-जा, म्हणून म्हातारी माणसंही बाहेर पडत होती आणि दुकानाच्या गारव्यात जाऊन बसत होती.

लोकांनी तेव्हा पटकन अर्थ लावला की गजबजलेल्या वस्तीत लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले, लोक राहतात, त्यांच्यात कुटुंब घट्ट असतं, संस्कार चांगले, म्हणून ते वाचले. पण त्या वस्तीत जुने गोरे म्हातारेही एकटे राहत होते आणि त्यांनाही त्या रस्त्याने तारलं होतं. म्हणजे संस्काराइतकाच, कदाचित जास्तच, फूटपाथ महत्त्वाचा होता. हे मी दोनदा अधोरेखित करून सांगेन, कारण आपण प्रत्येक वेळी संस्कृती आणि संस्कार यावर येऊन थांबतो, अमुक समाजात माणुसकी जास्त, तमुक समाजात कमी, आणि त्या समाजाच्या वस्तीत दिवे, बाकं, दुकानं, वाचनालयं कोणी ठेवली आणि कोणी काढून नेली हे विचारतच नाही. अजून एक, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांत बायका जास्त असतात, तरी त्या लाटेत ज्यांचे मृतदेह न्यायला कोणीच आलं नाही त्यांत पुरुष खूप जास्त होते. त्या घरातल्या वरच्या मजल्याची, नात्यांची दोरी तिच्याच हातात असण्याची गोष्ट इथपर्यंत येऊन पोचते.

कोणी म्हणेल की आता वस्तीची गरज काय, नाती फोनवर असतात. बरोबर आहे, आणि हे फोनच्या आधीपासूनचं आहे, बॅरी वेलमन या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच कॅनडातल्या टोरांटोच्या एका भागात दाखवून दिलं होतं की लोकांची जवळची माणसं बहुतेक शेजारी राहतच नाहीत, गावभर पसरलेली असतात आणि तरी नातं घट्ट असतं. त्यामुळे 'समाज मेला' असं रडगाणं मी कधीच गायले नाही, टोनीज या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये जुन्या जिव्हाळ्याच्या समाजाकडून व्यवहाराच्या समाजाकडे चाललोय असं मांडलं तेव्हापासून प्रत्येक पिढीला आपल्याच काळात माणुसकी संपल्यासारखी वाटत आलीये. पण पसरलेली नाती टिकवायला प्रवास करावा लागतो, सुटी लागते, खर्च लागतो. म्हणजे ज्याच्याकडे साधनं आहेत त्याचा समाज लांबवर पसरतो, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला वस्तीवरच अवलंबून राहावं लागतं, आणि नेमक्या त्याच वस्तीतली जागा सगळ्यात आधी जाते. मोबाईलवर खापर फोडणं सोपं आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

ओळखीचं घ्या. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या अभ्यासात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ओळखीतून नोकरी मिळाली ती कोणाच्या. जिवलग मित्राच्या असेल असं वाटतं ना, पण वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून फक्त १६.७ टक्क्यांना कळलं होतं, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, नवी बातमी लांबच्याकडून येते. आता ज्याच्या लांबच्या ओळखीसुद्धा त्याच्याच परिस्थितीतल्या माणसांच्या आहेत त्याच्याकडे कुठली बातमी येणार? २०२२ मध्ये राज चेट्टी हे अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या तब्बल २१०० कोटी मैत्रींचा अभ्यास करून सांगितलं की गरीब मुलाला वरच्या परिस्थितीतल्या मुलांशी मैत्री करायची तेवढी संधी मिळाली जेवढी खात्यापित्या घरातल्या मुलांना मिळते, तर मोठेपणी त्याचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल. आणि मैत्री न होण्याचं साधारण निम्मं कारण हे की ही मुलं एकत्र येतच नाहीत, उरलेलं निम्मं हे की एकाच शाळेत असून मैत्री होत नाही. शाळा मोठी असली, हुशार मुलांचे वेगळे वर्ग केले की एकाच गेटमधून आत जाऊनही मुलं दोन वेगळ्या जगांत बसतात. त्यामुळे सगळ्यांना एका शाळेत घातलं की झालं, असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. आत गेल्यावर बाकावर कोण कोणाशेजारी बसतंय हे पण बघावं लागेल.

आणि मग येतो ओळखीचा दुसरा अर्थ, म्हणजे आपण कोण म्हणून ओळखले जातो. तुमच्याच पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की लोक जात, धर्म, वर्ण, लिंग यांच्या अस्मिता धरून बसतात म्हणून समाज तुटतो, सगळ्यांनी फक्त माणूस म्हणून राहावं. मला त्यांच्या मनातली इच्छा कळते, पण अस्मिता माणूस स्वतः निवडतो हे गृहीतच चुकीचं आहे, बऱ्याचदा ती समोरचा चिकटवतो. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी, त्यांचा अभ्यास २००४ मध्ये आला, बॉस्टन आणि शिकागोमध्ये नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५००० खोटे बायोडेटा पाठवले, वर फक्त नाव बदललेलं, काहींवर गोऱ्यांमध्ये आढळणारं आणि काहींवर काळ्यांमध्ये आढळणारं. गोऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक फोन आला, काळ्या नावाला १५ मागे एक. बायोडेटा अजून चांगला केला, अनुभव वाढवला, तर गोऱ्या नावाचे फोन ३० टक्क्यांनी वाढले, काळ्या नावाचे त्या मानाने फारच कमी. म्हणजे स्वतःला सुधारा हा सल्लासुद्धा सगळ्यांना सारखं फळ देत नाही! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या काळ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्येच लिहिलं होतं की अशा माणसाला कायम दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघत जगावं लागतं. हे किती दमवणारं असेल याचा विचार करा. ऑफिसमध्ये बोलायच्या आधी उच्चार तपासायचे, आडनाव सांगताना समोरच्याचा चेहरा वाचायचा, घर कुठे आहे हे विचारलं की विषय बदलायचा, आपल्या जोडीदाराबद्दल बोलताना शब्द जपून वापरायचे. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी तो माणूस आपल्यासारख्यांच्या गटात जाऊन बसला तर त्याला तुम्ही संकुचित म्हणता, पण त्याला तिथे फक्त श्वास घ्यायचा असतो. हां, असे गट बंद होतात, आतल्यांवरच दबाव आणतात, बाहेरच्यांबद्दल विष पसरवतात, हे मी नाकारत नाही, तेही पाहिलंय. पण गट सोडा असं सांगण्याआधी बाहेर त्याला बसायला जागा आहे का ते बघायला नको का?

सरकारांनाही आता हा विषय सुचलाय. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. मला याचं स्वागतच आहे, पण तिथेही जाहिराती, हेल्पलाइन आणि 'बोलते व्हा' मोहिमा यांचाच गाजावाजा जास्त होतो, कारण त्या स्वस्त पडतात आणि कोणाला दुखवत नाहीत. मालकाला वेळापत्रक आधी लावायला सांगितलं की मात्र दुखतं.

पण तेही करता येतं हो. अमेरिकेतल्या सिएटल शहरात जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला की मोठ्या दुकानांनी आणि हॉटेलांनी कामगारांना शिफ्ट १४ दिवस आधी सांगायची, ऐन वेळी बदलली तर जास्तीचे पैसे द्यायचे. मी वर ज्यांचा उल्लेख केला त्या हार्कनेट आणि श्नायडर यांनी सहकाऱ्यासोबत त्या कायद्याचा परिणाम तपासला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात कामगारांची झोप सुधारली, आनंद वाढला, घरखर्चाची ओढाताणही कमी झाली असं आढळलं. यात कोणालाही मन मोकळं करायला शिकवलेलं नव्हतं, फक्त दोन आठवडे आधी कळायला लागलं की आपण कधी मोकळे आहोत.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, पुरवणीत एकटेपणावर पुढचा लेख छापाल तेव्हा समुपदेशकाच्या शेजारी एका शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला आणि एका घर सांभाळणाऱ्या बाईला जागा द्या, त्यांना उपाय विचारू नका, त्यांचा आठवडा कसा जातो तेवढं तासागणिक लिहायला सांगा, आणि तो आठवडा कोण ठरवतं हे तुमच्या वार्ताहराने जाऊन त्या ठरवणाऱ्याला विचारावं.

आपली,
एक जुनी वाचक, समाजशास्त्राची निवृत्त शिक्षिका